खूण तिथे बोर्ड

आराखडे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता पोस्टमनसुद्धा वाचत नाही. बिल्डिंगमध्ये, ऑफिसात आणि सासुरवाडीत त्यांना सगळे आराखडे म्हणतात, कारण हा माणूस आधी कागदावर आराखडा काढल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. नोकरी पाणीपुरवठ्याच्या नकाशे विभागात. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठे वळतो ते त्यांना तोंडपाठ. आता ऑफिसातली शिस्त ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही? पण छे! घरी गाद्या उन्हात टाकायच्या तरी गच्चीचा नकाशा निघायचा, त्यात सूर्य कुठून कुठे जाणार ते बाणाने दाखवलेलं असायचं, आणि नकाशा पुरा होईपर्यंत सूर्य तिकडे जाऊन मावळायच्या तयारीला लागलेला असायचा. बायकोने लग्नानंतर थोडे दिवस कौतुक केलं, मग थोडे दिवस भांडून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

तर या आराखड्यांच्या लेकीचा फोन आला, तिथून सगळं सुरू झालं. लेक दूरच्या शहरात एका वृत्तवाहिनीत कामाला. हवामानाचे नकाशे बनवायची. नकाशेच, शेवटी रक्त कुणाचं! पण ते नकाशे पडद्यावर उभं राहून समजावून सांगणारी बाई वेगळी होती. ती आता रजेवर जाणार होती.

"येत्या रविवारी संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामान मी सांगणार," लेक म्हणाली. "लाइव्ह. कुणाला सांगू नका, मला धडकी भरलीय."

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. ते कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नाही, आईच ती.

घरातल्या जुन्या टीव्हीवर मधोमध एक हिरवी उभी रेघ यायची. पंतप्रधान असोत की गोलंदाज, ती सगळ्यांचे सारखे दोन भाग करायची. "आपण मोबाइलवर बघू की," आराखड्यांनी खडा टाकून पाहिला.

"मोबाइलवर?" बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "एवढी वाढवलेली पोर मी अंगठ्याएवढी बघू? मला ती मोठी दिसली पाहिजे. उभी. आणि सगळ्यांच्या देखत."

हे मात्र आराखड्यांना पटलं. खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं, फक्त त्यांना ते म्हणता येत नव्हतं. त्यांनी नवा, चांगला ऐसपैस टीव्ही आणला. टीव्हीला लागतो एक प्लग. तो हॉलमध्ये, जुन्या टीव्हीच्या भिंतीवर होता. बाजूलाच, पायाशी, थोडा सैल, पण चालू. इथे ही गोष्ट खरं तर संपायला हवी होती.

पण त्या सैल प्लगकडे आराखडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग उठले, कपाटातून मोठा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि कागदाच्या डोक्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'गृह-मनोरंजन केंद्र'. बायकोने ते स्वयंपाकघराच्या दारातून वाचलं आणि टीव्हीच्या खोक्यावर जुनी चादर टाकली.

आराखडा काढायला बसलेल्या माणसाचा वास शेजाऱ्यांना कसा लागतो कोण जाणे. आधी आले शेजारच्या फ्लॅटमधले स्टिरिओ. हेही टोपणनावच. या गृहस्थांच्या घरी इतके स्पीकर होते की पाहुण्यांना बसायला जागा नव्हती, आणि म्हणून ते कायम दुसऱ्यांच्याच घरी बसलेले असत.

"एक प्लग?" स्टिरिओ हसले. दया येऊन माणूस हसतो तसं. "अहो, टीव्हीला एक. त्याच्या डब्याला एक. साउंडला दोन. चारी कोपऱ्यांत स्पीकर म्हणजे चार. आणि पुढे काही घ्यावंसं वाटलं तर?"

"पुढे काय घेणार?"

"ते आत्ता कसं सांगता येईल? पण वाटलं तर? भिंत परत फोडणार का?"

हा मुद्दा बिनतोड होता. आराखड्यांनी पुढे वाटणाऱ्या गोष्टींसाठी चार प्लग राखून ठेवले.

मग वरच्या मजल्यावरून हेडसर उतरले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हेडसरांना अजून कुठलीही भिंत दिसली की तिच्यावर फळा दिसतो. "टीव्ही फार खाली धरलायत," ते कागदावर बोट ठेवून म्हणाले. "शेवटच्या बाकावरच्याला दिसला पाहिजे. वर घ्या."

"सर, आमच्याकडे बाक नाहीत. एक सोफा आहे."

"रविवारी सगळी बिल्डिंग येणार आहे. सोफ्यावर मावणार आहे का?"

टीव्ही वर गेला. टीव्ही वर गेला म्हणून त्याचा प्लगही वर गेला. दोन्ही वर गेल्यामुळे खाली जागा रिकामी राहिली आणि रिकामी जागा बघून स्टिरिओंनी तिथे अजून दोन प्लग सुचवले. कागदावर आता प्लगांची इतकी दाटी झाली होती की टीव्हीचा चौकोन त्यांत अंग चोरून बसल्यासारखा वाटत होता. आराखडे मात्र खुशीत होते. त्यांनी प्रेक्षकांच्या खुर्च्यासुद्धा काढल्या, रांगेत, वरून दिसतात तशा. आराखडा अर्धवट ठेवायचा नसतो.

यापुढे वायरमन हवा. वायरमन आला, आणि त्याच्याबद्दल पहिल्यांदा हे सांगितलं पाहिजे की त्याचं तोंड त्याच्या हातांपेक्षा जास्त चालायचं. ज्या ज्या बंगल्यांत त्याने काम केलं होतं त्यांच्या गोष्टी सांगितल्याशिवाय तो बोर्डाचा स्क्रूसुद्धा काढत नसे. त्याने आराखडा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला आणि म्हणाला, "चांगलंय. पण साहेब, मी काय म्हणतो, छतात निळे दिवे सोडू. मागच्या बंगल्यात सोडले. मालकीणबाई रडल्या हो आनंदाने."

"निळे दिवे नकोत."

"मग जांभळे. आणि हा टीव्ही इथे कशाला? तिरका लावू कोपऱ्यात. सध्या तिरकं चालतं."

आराखड्यांच्या स्वाभिमानाला कुठे हात लावायचा नाही ते बायकोला माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं. वायरमनला माहीत नव्हतं. आराखडे ताडकन उठले. त्यांनी टेप काढली, ओळंबा काढला, आणि सगळी संध्याकाळ भिंतीवर एकेक माप घेऊन पेन्सिलीने खुणा केल्या. आडवी रेघ आणि तिच्यावर उभी बारीक रेघ, अधिकच्या चिन्हासारखी. त्यांची ऑफिसातली खूण. आयुष्यभर तीच, बारीक आणि नेमकी. शेजारी अक्षर नाही की आकडा नाही, कारण ज्याला नकाशा कळतो त्याला खूण पुरते असं त्यांचं मत होतं.

"आता नीट ऐका," ते वायरमनला म्हणाले. "भिंतीवर जिथे माझी खूण आहे तिथे बोर्ड. जिथे नाही तिथे नाही. डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवत," वायरमन म्हणाला. तोही दुखावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बहिणीकडे निघाली. भिंत फोडायची म्हणजे धूळ, आणि धुळीने तिला खोकला लागतो. रविवारी दुपारी परत यायचं ठरलं. निघताना तिने त्याच भिंतीवर खिडकीजवळ टांगलेला आपल्या हातचा भरतकामाचा लांब पडदा काढला, झटकला, घडी करून पिशवीत घातला.

"हा मी घेऊन जाते, धुळीने खराब होईल. आणि ऐकताय ना? त्याच्यामागची पट्टी तेवढी सांभाळा."

"हो, हो," आराखडे म्हणाले. त्यांच्या तोंडात पेन्सिल होती आणि डोळे विजेच्या कचेरीच्या अर्जावर.

आता ही पट्टी काय, ते आपणच सांगून टाकू, कारण आराखडे त्या क्षणी आठवण्याच्या परिस्थितीत नव्हते. त्या पडद्यामागे हातभर रुंदीची, जुन्या पिवळट रंगाची भिंत होती. घराला दोनदा रंग लागला, दोन्ही वेळा बायकोने रंगाऱ्यापुढे उभं राहून तेवढी पट्टी सोडायला लावली. त्या पट्टीवर लेकीची उंची होती. बालवाडीत गेली तेव्हाची, पहिलीतली, तिसरीतली, असं करत करत दहावीची, आणि सगळ्यांत वरची ती घर सोडून नोकरीला निघाली त्या सकाळची. प्रत्येक वेळी लेक भिंतीला टाचा टेकवून उभी राहायची, आराखडे तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायचे आणि भिंतीवर खूण करायचे. आडवी रेघ, तिच्यावर उभी बारीक रेघ. बारीक आणि नेमकी. शेजारी अक्षर नाही की आकडा नाही.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. वायरमनच्या कसं यावं?

तिकडे आराखडे विजेच्या कचेरीत खिडकीपुढे उभे होते. एवढे प्लग म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे वाढीव भाराची मंजुरी, आणि मंजुरीविना काम करणारा माणूस आराखडे नव्हे. अर्ज इतका स्वच्छ भरलेला होता की खिडकीतल्या बाईंना आधी संशयच आला.

"वापराचा हेतू, गृह-मनोरंजन केंद्र," बाईंनी वाचलं. "केंद्र काढताय?"

"केंद्र म्हणजे हॉलमधला कोपरा."

"कोपरा असेल तर कोपरा लिहायचं. केंद्र म्हटलं की व्यावसायिक झालं." बाईंनी सोबतचा आराखडा उलगडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "या काय, खुर्च्या?"

"हो," आराखडे जरा अभिमानानेच म्हणाले.

"रांगेत?"

"शेवटच्यालाही दिसलं पाहिजे ना."

"आणि प्रेक्षकांना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठाय?"

आराखड्यांनी नकाशा आपल्याकडे वळवून पाहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नकाशात पहिल्यांदा चूक निघाली होती, आणि तीही बरोबर निघाली होती. घराला दुसरा दरवाजा नव्हता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ते घर आहे हो. माझी मुलगी टीव्हीवर येणार आहे, ती बघायचीय."

"ते लिहायला रकाना नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट थोडं वाईटच वाटलेलं दिसलं. "इन्स्पेक्टर साहेब पाहणीला येतील. त्यांनी घरगुती म्हटलं की झालं."

"कधी येतील?"

"येतील तेव्हा येतील."

नाक मुठीत धरून आराखडे घरी परतले. जिन्यातच धुळीचा लोट समोर आला आणि धुळीतून वायरमन. पांढराशुभ्र झालेला, पण चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"साहेब, झालं सगळं. खूण तिथे बोर्ड. एक सोडला नाही."

आराखडे आत गेले. टीव्हीची भिंत बघून त्यांना बरं वाटलं. सगळे बोर्ड ओळंब्यात, सगळे मापात. मग त्यांची नजर खिडकीकडे सरकली. पिवळट पट्टीवर खालपासून वरपर्यंत बोर्डच बोर्ड होते. कमरेच्या उंचीवर एक, त्याच्यावर एक, मग एक, आणि सगळ्यांत वर दोन शेजारी शेजारी, कारण दहावीनंतर लेक फारशी वाढली नव्हती आणि एकाच्या डोक्यावर दुसरा मावत नव्हता. प्रत्येकाला बटण, प्रत्येकाला तीन भोकं.

"ह्या शिडीचं मला आधी कळेना," वायरमन कौतुकाने सांगत होता. "म्हटलं, एवढ्या उंचीवर माणूस काय लावणार? एकदा वाटलं विचारावं. पण तुम्ही म्हणालात, डोकं चालवायचं नाही. म्हटलं, साहेबांचं काहीतरी मोठं डोकं असणार यामागे."

आराखडे खुर्चीवर बसले. खुर्चीवर धूळ होती, तरी बसले. वायरमनवर ओरडावं तर कशाबद्दल? त्याने शब्दन् शब्द पाळला होता. त्यांनी फक्त उठून, टेप लावून, एकेका बोर्डाच्या मध्याचं माप घेतलं. बालवाडीपासून शेवटच्यापर्यंत. का घेतलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मापं त्यांना पाठ होती, सगळी जुळली, आणि त्यांना रडू आलं. वायरमन घाबरला. "निळे दिवे सोडू का हो?" तो हळूच म्हणाला. त्याला माणसाचं सांत्वन करायचा तेवढा एकच मार्ग ठाऊक होता.

मग सगळी बिल्डिंग आराखड्यांच्या मदतीला धावली, म्हणजे जे काय थोडं वाचलं होतं तेही गेलं. स्टिरिओ म्हणाले, शिडीपुढे माझा उभा स्पीकर ठेवू. तो ठेवला, तर वरचे दोन बोर्ड त्याच्या खांद्यावरून डोकावू लागले. हेडसरांनी वरून जगाचा नकाशा आणून टांगला. तो बटणांवर असा फुगला की सगळे खंड पुढे आले आणि समुद्र मागे गेले. वायरमनने बोर्ड काढून भोकं बुजवायची तयारी दाखवली, पण हातोडा बघताच आराखडे पट्टीपुढे आडवे उभे राहिले.

"खबरदार! आता हात लावायचा नाही. खुणा गेल्या, निदान जागा तरी राहू दे."

रविवारी दुपारी बायको आली. आराखड्यांनी नकाशा उतरवून ठेवला होता. बायकोपासून काही लपवायचं त्यांना कधीच जमलं नव्हतं, आणि जगाच्या नकाशाने ते जमलं असतं असं नाही. ती हातात पडद्याची पिशवी घेऊन भिंतीपुढे उभी राहिली. 

"तू सांगून गेली होतीस," आराखडे म्हणाले. "मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, त्याची नाही."

बायकोने सगळ्यांत खालच्या बोर्डावर हात ठेवला, बालवाडीच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग आत निघून गेली. त्यानंतर ती घरात आलेल्या प्रत्येकाशी बोलली, शेजारणींशी बोलली, कामात खोडा घालणाऱ्या स्टिरिओंशी बोलली, एकट्या आराखड्यांशी नाही. आराखडे मूग गिळून खुर्च्या लावत राहिले. त्यांना आता फक्त एवढंच हवं होतं की संध्याकाळी ती पोर तिच्या आईला धड दिसावी. बाकी सगळं गेलं तर गेलं. त्यापायी मंजुरी आलेली नसतानाही त्यांनी वायरमनला नवी लाइन चालू करू दिली.

संध्याकाळी हॉल भरला. वायरमनसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आला. हेडसरांनी लोकांना उंचीप्रमाणे बसवलं. स्टिरिओंनी आपला अॅम्प्लिफायर, चार स्पीकर आणि डोक्यापेक्षा मोठा एक डबा आणून जोडला. शेजारणींनी चहाची विजेची किटली लावली, बाजूला दुसरी लावली, आणि बोर्ड रिकामे दिसले म्हणून प्रत्येकाने आपापला मोबाइल चार्जिंगला टोचला. टीव्हीवर बातम्या सुरू होत्या. खुर्च्या रांगेत होत्या, दिवे मंद केले होते, कुणीतरी कपांचा ट्रे फिरवत होतं.

आणि रविवार असूनसुद्धा दारात इन्स्पेक्टर उभे राहिले.

"येणार होतो तेव्हा आलो," ते म्हणाले. जाडजूड, घामाघूम, खिशाला टेस्टर लावलेले. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, ट्रे पाहिला, हेडसरांना पाहिलं. "कार्यक्रम किती वाजताचा आहे?"

"बातम्यांनंतर," कुणीतरी मदत केली.

"रोज असतो?"

"आमची इच्छा आहे रोज असावा," हेडसर म्हणाले, आणि आराखड्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नेमकं त्याच वेळी स्टिरिओंना आवाज जरा चढवावासा वाटला. टक्! टीव्ही गेला, किटल्या गेल्या, स्पीकर गेले. इन्स्पेक्टर दाराजवळच्या पेटीपाशी गेले, झाकण उघडलं. "ही नवी लाइन कुणाच्या परवानगीने चालू केली?"

"अर्ज केलाय साहेब."

"मंजुरी आहे का?"

"नाही."

"मग बंद," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि त्यांनी बटण खाली ओढलं ते ओढलंच.

हॉलमध्ये गलका झाला. आराखडे हात जोडून काहीतरी बोलत होते, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि थेट पेटीपाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "बातम्या संपत आल्यात. माझी मुलगी पहिल्यांदा येतेय. लाइव्ह आहे, पुन्हा दाखवणार नाहीत. मला तिला उभी बघायचीय. एवढंच."

इन्स्पेक्टरांनी रुमालाने मान पुसली. "ताई, नव्या लाइनला मी हात लावू देणार नाही. जुन्या लाइनवर एखादा प्लग असेल तर माझी हरकत नाही."

पण जुना सैल प्लग वायरमनने उखडून टाकला होता. त्याला खूण नव्हती. आराखडे डोक्याला हात लावून खाली बसणार, तेवढ्यात मागून वायरमनचा आवाज आला.

"जुन्या लाइनवर? ही अख्खी शिडी आहे की! आराखड्यात यांना लाइनच दाखवलेली नव्हती. विचारणार होतो, पण म्हटलं डोकं चालवायचं नाही. दिली जुन्याला जोडून."

टीव्हीची वायर ओढली गेली. ती आखूड होती आणि हेडसरांच्या कृपेने टीव्ही उंच होता. खालचा एकही बोर्ड गाठता येईना. वरचे दोन मात्र बरोबर हाताशी आले.

"कुठल्यात घालू?" वायरमनने विचारलं.

आराखड्यांनी बायकोकडे पाहिलं. कुठली खूण कुठली ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं, पण सांगायचा हक्क आज त्यांचा नव्हता.

"डावीकडची दहावीची आहे," बायको म्हणाली. "उजवीकडची ती घर सोडून गेली त्या दिवसाची. उजवीकडे घाला."

टीव्ही लागला. बातम्या देणाऱ्या गृहस्थांनी कागद सारखे केले, पडदा बदलला, आणि आराखड्यांच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्यांची लेक उभी राहिली. मोठी. पायांपासून डोक्यापर्यंत. आवाज सुरुवातीला थोडा कापला, बायकोने पदराचं टोक घट्ट धरलं. मग लेक नकाशाकडे वळली. तिने स्वतः बनवलेला नकाशा, आणि त्यावर ठिकठिकाणी बारीक, नेमकी अधिकची चिन्हं.

"उद्याचं अगदी सोपं आहे," लेक म्हणाली. "जिथे ही खूण आहे तिथे पाऊस. जिथे नाही तिथे नाही."

 मग सगळ्या माना हळूहळू आराखड्यांकडे वळल्या. वायरमनने तर कानच पकडले. "अगं बाई, ही पण!" बायकोच्या तोंडून निघालं, आणि दुपारपासून दाबून ठेवलेलं हसू असं फुटलं की ती भिंतीला टेकली. डोळ्यांतून पाणी येत होतं, हसतही होती, आणि हसता हसता तिने आराखड्यांचा दंड धरला तो लेक पडद्यावरून जाईपर्यंत सोडला नाही.

"उच्चार स्वच्छ आहेत," हेडसर घसा खाकरून म्हणाले.

इन्स्पेक्टर पहिल्या रांगेत बसले होते. केव्हा बसले ते कुणाला कळलं नाही. हातात चहाचा कप होता. त्यांनी खिशातून आराखड्यांचा अर्ज काढला, 'केंद्र' वर काट मारली आणि विचारलं, "प्रेक्षक कोण म्हणालात?"

"आई-बाप," आराखडे म्हणाले.

"मग घरगुती," इन्स्पेक्टर म्हणाले आणि सही केली.

थोड्या वेळाने लेकीचा फोन आला. "दिसले का गं आई?"

"दिसलीस की. अगदी उभी. आणि तुझ्या डोक्यावर चालू होता टीव्ही."

"म्हणजे?"

"ये घरी, मग बघ," बायको म्हणाली.

लेक रजा मिळाल्यावर आली, तोवर घरात एक नवी रीत पडून गेली होती. भरतकामाचा पडदा दुसऱ्या भिंतीवर गेला होता, पट्टी उघडी होती आणि बायकोच्या हुकमांची भाषा बदलली होती. "मोबाइल तिसरीत लावा, पहिलीत मला मिक्सर लावायचाय." "दहावीचं बटण चालू राहिलंय, बंद करा." मनोरंजनाच्या भिंतीवरचे मंजूर झालेले सगळे प्लग मात्र रिकामे होते, पुढे काही घ्यावंसं वाटण्याची वाट बघत.

लेकीने ती शिडी पाहिली आणि हसून हसून जमिनीवर बसली. मग उठली, चपला काढल्या, भिंतीला टाचा टेकवल्या आणि ताठ उभी राहिली. "घ्या बाबा माप."

"आता कुठे वाढणार आहेस तू?" आराखडे म्हणाले, पण पेन्सिल त्यांच्या कानावर होतीच. त्यांनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली. वाढली नव्हती, वरच्या उजव्या बोर्डाच्या बरोबर मध्याशी फूटपट्टी आली. तरी बायको म्हणाली, "करा खूण. शेजारी करा." त्यांनी केली. आडवी रेघ, तिच्यावर उभी बारीक रेघ.

करून झाल्यावर ते थोडे मागे सरकले, खुणेकडे बघत उभे राहिले, आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. खुणेच्या शेजारी, वायरमनला जिन्यातूनही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहिलं, 'इथे बोर्ड नाही. इथे मुलगी.'